अर्धी दाढी

घड्याळकाकांच्या डाव्या कानशिलावरून कंगवा फिरला आणि ते खुर्चीत असे दचकले की ताईची कात्री हवेतच थांबली.

"काय झालं काका?"

"काही नाही गं. आठवडाभर केसांना हात लावला तरी दुखतंय. केस दुखतात का कधी?"

"केस नाही दुखत."

"तेच म्हणतोय मी. या वयात कशाला काय म्हणायचं तेच कळत नाही. चालू दे तुझं."

ताईनं काही चालू दिलं नाही. कंगवा ॲप्रनच्या खिशात खोचला आणि काकांच्या कानाच्या जरा पुढं तीन बोटं टेकवली. केस कापणारी बाई कानशिलावर बोटं टेकवून काय बघते, असं कुणाला वाटेल. पण तिच्या बाबांनी तिला कात्रीच्या आधी डोकं शिकवलं होतं. घास चावताना कानशिलावर फुगतो तो स्नायू कुठपासून कुठपर्यंत आहे, मानेच्या मागचे जाड पट्टे कवटीला कुठं जाऊन चिकटतात, भुवईखालच्या कुठल्या खाचेतून कपाळाची नस वर चढते आणि तिथं अंगठा जास्त रुतला तर शांत गिऱ्हाईकसुद्धा कसं शिवी हासडतं, हे सगळं तिनं सहा महिने बाबांच्याच डोक्यावर हात फिरवून पाठ केलं होतं. कानाच्या पुढं रक्ताची वाहिनी वर जाते. तिथं बोट ठेवलं की आत टकटक लागते. "ती लागली की समजायचं, गिऱ्हाईक झोपलंय, मेलेलं नाही," असं बाबा म्हणायचे.

काकांच्या कानापुढं टकटक नव्हती. कातडीखाली सुतळी ठेवावी तशी एक कडक वळी होती, वाकडीतिकडी होत केसांत गेलेली. ताईनं ती हलकेच दाबली. काका पुन्हा कळवळले.

मनात पाल चुकचुकली, असं आपण म्हणतो. पाल चुकचुकली की माणूस क्षणभर थबकतो आणि पुढं जातो. ताईला पुढं जाता येईना. ही सुतळी तिच्या बोटांच्या ओळखीची होती. नऊ वर्षांपूर्वी तिनं ती रोज, तेल लावून, आठवडाभर चोळली होती. ज्याच्या कानशिलावर चोळली तो माणूस आत्ता भिंतीलगतच्या बाकावर बसला होता, मांड्यांत काठी आणि न दिसणारे डोळे रस्त्याकडे लावून.

तिनं आवाज खाली आणला. "काका, जेवताना जबडा दुखतो का?"

"तुला कुणी सांगितलं? चार घास चावले की भरून येतो. थांबलो की बरं. दाढ असणार. परवा दातवाल्याकडे जातोय."

"दाढ नाही. तुम्ही आज हॉस्पिटलात जा. आज म्हणजे आत्ता, इथून उठून."

काका आरशातून तिच्याकडे बघत हसले. चाळीस वर्षं घड्याळं उघडून बसलेला माणूस. दुसऱ्या कुणी आपल्याला बिघाड सांगावा हे त्यांना कसं रुचणार? "दुखणं केस कापणारीला दाखवायचं, मग केस कापायला डॉक्टरकडे जाऊ का? अगं पोरी, संध्याकाळपर्यंत शाळेचं मोठं घड्याळ द्यायचंय. जीव खाऊ नकोस."

"काय म्हणतोय घड्याळ्या?" बाकावरून बाबांनी विचारलं.

"तुझ्या पोरीचं डोकं फिरलंय, वस्तऱ्या! माझं तपासतेय!" काकांनी टॉवेल झटकला, आरशात दोन्ही बाजू बघितल्या आणि ते गेले. सहा दुकानं पलीकडं त्यांचं दुकान. ताई दारात उभी राहून ते आत शिरेपर्यंत बघत राहिली. चालत तर नीट होते.

पण मग तिचा कशातच जीव लागेना. एका गिऱ्हाईकाचे कल्ले तिनं वरखाली कापले, ते सारखे करता करता दोन्ही कानांच्या वर गेले. दुसऱ्याच्या केसांवर मारायचं पाणी त्याच्या चष्म्यावर मारलं. दर दोन मिनिटांनी ती दाराकडे बघायची आणि काही घडलं नाही म्हणून आणखीच घाबरायची.

"कात्री अडखळतेय तुझी," बाबा म्हणाले.

"धार गेलीय."

"धार काल मी लावलीय."

बाबांना दिसत नव्हतं, पण दुकानातलं त्यांच्या कानांतून काही सुटत नसे. कात्रीच्या आवाजावरून ते ओळखायचे की केस ओले आहेत की कोरडे, आणि कापणारीचं लक्ष कुठं आहे. ताईनं तोंडाला कुलूप लावलं. नऊ वर्षांत या कुलपाला गंजही चढला नव्हता, इतकं ते वापरात होतं.

तेव्हाचं असं झालं होतं. बाबांचं डोकं दुखत होतं, कानशील हुळहुळं झालं होतं. "शीर भरलीय, जोरात दाब," म्हणून ते रात्री तिच्यापुढं बसायचे आणि ती दाबायची. डोकं दुखलं की चोळायचं, त्यानं नाही राहिलं तर आणखी जोरात चोळायचं. आमच्या धंद्याला दुसरं औषध माहीत नाही, असं बाबाच म्हणायचे. मग एका मंगळवारी, दुकान खच्चून भरलेलं असताना, समोर राहणाऱ्या सिस्टर दारात आल्या. बाबा तेव्हा मागच्या नळावर हात धूत होते. सिस्टरनी ताईला बाजूला घेऊन सांगितलं, सकाळी तुझे बाबा रस्त्यात थांबले होते, एका डोळ्यापुढं पडदा आला म्हणाले, त्यांचं कानशील मी बघितलंय, घाबरतील म्हणून त्यांना काही बोलले नाही, तू त्यांना आत्ताच्या आत्ता घेऊन जा, हे थांबणारं दुखणं नाही.

ताईच्या खुर्चीत तेव्हा शाळेचा शिपाई होता, एक गाल साफ आणि एक गाल फेसानं भरलेला. आणि बाबांचा नियम होता. दुकानात पाटी नव्हती त्याची, पण पाटी पुसली जाते, हा नियम पुसला जाण्यातला नव्हता: खुर्चीतल्या माणसाला अर्धं सोडून उठायचं नाही, मग घराला आग लागो. "मान आपल्या वस्तऱ्याखाली दिलीय त्यानं. जगात कोण कुणाला मान देतं अशी?" तिनं शिपायाची दाढी पुरी केली. तोवर पुढचा खुर्चीत बसला होता. त्याच्यानंतर पुढचा. दुसऱ्या दिवशी शाळा उघडणार होत्या, पोरांची रांग बाहेरपर्यंत होती, आणि बाबा तर शेजारच्या खुर्चीपाशी मस्त कात्री चालवत होते. उद्या नेऊ, ती म्हणाली. स्वतःशीच म्हणाली. बुधवारी संध्याकाळी बाबांचा डावा डोळा गेला. गुरुवारी हॉस्पिटलात पोचेपर्यंत उजवा. "दोन दिवस आधी आणलं असतं तर," डॉक्टर व्हरांड्यात तिला एकटीला म्हणाले होते. पुढं वर्षभरात सिस्टरांची बदली झाली आणि हे सगळं माहीत असलेली ती एकटीच उरली. तेव्हापासून सकाळची पहिली दाढी बाबांची. रोज ते हनुवटी वर करून तिच्यापुढं गळा धरायचे, आणि रोज तिला वाटायचं, आज सांगू. मग फेस पुसायची वेळ यायची.

बारा वाजता पोस्टमन आला. वाटप करून झाल्यावर दाढीला यायची त्याची सवय. बोलका माणूस, वस्तरा गालावर असतानाही गप्प बसत नसे.

"घड्याळकाकांची आज गंमतच झाली," तो अर्ध्या तोंडानं म्हणाला. "पार्सल दिलं, सही करा म्हटलं. त्यांनी कागद तोंडापाशी धरला आणि मला विचारतात, लाइट गेली का रे? भर दिवसा! पंखा चालू होता डोक्यावर. मग डोळा चोळत बसले दोन मिनिटं, आणि म्हणाले, आली आली, कुठं करू सही?"

ताईचा हात थांबला. "कधी?"

"आत्ताच की. अर्धा तास झाला असेल."

तिनं वस्तरा मिटला. हाताला लागलेला फेस ॲप्रनला पुसला. "बाबा, उठा. माझ्याबरोबर चला."

"कुठं?"

"काकांकडे. त्यांच्या कानशिलाला हात लावून बघा. माझं ऐकणार नाहीत ते, तुमचं ऐकतील."

"खुर्चीत कोण आहे?"

"पोस्टमन."

"झाली त्याची?"

"अर्धी."

बाबांच्या कपाळावर आठ्या चढल्या. "मग आधी ती पुरी कर."

"नाही करत," ताई म्हणाली. जन्मात पहिल्यांदा म्हणाली, आणि आपल्याच आवाजाला दचकली.

"अहो ताई, माझं काय?" पोस्टमननं विचारलं. त्याला कुणी उत्तर दिलं नाही, म्हणून तो गळ्यातल्या टॉवेलसकट मागोमाग निघाला. एका गालावर फेस घेऊन एकट्यानं तरी खुर्चीत किती वेळ बसणार?

रस्त्यानं बाबांचा हात तिच्या खांद्यावर होता, नेहमीसारखा. ती इतक्या झपाट्यानं चालत होती की तो दोनदा सुटला.

काका टेबलापाशी वाकून बसले होते. एका डोळ्याला भिंग लावलेलं, समोर शाळेच्या घड्याळाची चक्रं मांडलेली. भिंग उजव्या डोळ्याला होतं. ताई त्यांना लहानपणापासून बघत होती. भिंग कायम डाव्या डोळ्याला असायचं.

"आली का परत? आणि ही वरात काय आणलीस?"

"काका, डोळ्यापुढं पडदा आला होता ना? डाव्या?"

काकांनी पोस्टमनकडं रागानं बघितलं. पोस्टमननं फेसाचा गाल टॉवेलनं झाकला. "आला आणि गेला," काका म्हणाले. "दमलाय डोळा. चाळीस वर्षं राबवलाय त्याला."

बाबांनी काठी ताईकडे दिली आणि हात पुढं केला. "कुठं आहे तुझं डोकं, घड्याळ्या? इकडे दे."

दोघांची पन्नास वर्षांची मैत्री. काकांनी कुरकुरत का होईना, डोकं पुढं केलं. बाबांची बोटं कपाळावरून सरकत कानशिलावर आली आणि थबकली. वळीवरून वर गेली, पुन्हा खाली आली. मग बाबांनी दुसऱ्या हातानं स्वतःचं कानशील चाचपलं. ताईला ते बघवेना.

"हेच ते," बाबा म्हणाले. "माझंही असंच होतं. ऊठ. चल."

काकांचा हात भिंगाकडे गेला आणि परत आला. आता ते हसत नव्हते. पण हट्टी माणूस घाबरला की जास्तच हट्टी होतो. "जातो. उद्या सकाळी पहिलं काम तेच. हे घड्याळ आज जोडलं नाही तर ही चक्रं कुठली कुठं जातील. आणि असं तातडीचं होतं, तर तू का नाही गेलास तेव्हा लगेच?"

"मला कुणी सांगितलंच नाही," बाबा म्हणाले. "कुणाला माहीतच नव्हतं. अचानक गेले डोळे."

"बघ! अचानकच जायचे असतील तर आज गेलो काय आणि उद्या गेलो काय, सारखंच."

दुकानात वीस-पंचवीस घड्याळं चालू होती. ताईला वाटलं, आत्ता गप्प बसलं तर बाबांचं म्हणणं खरं राहील. कुणाला माहीत नव्हतं. किती सोपं वाक्य होतं ते! नऊ वर्षं त्या वाक्याच्या आडोशाला तिनं दिवस काढले होते. आणि आता त्याच वाक्याच्या आधारानं हा दुसरा माणूस उद्यापर्यंत थांबणार होता.

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "मला."

बाबांनी मान तिच्याकडे वळवली.

"सिस्टर मंगळवारी दुपारी आल्या होत्या. आत्ताच्या आत्ता ने म्हणाल्या. मी नेलं नाही. उद्या नेऊ म्हटलं. गुरुवारी नेलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आधी आणायला हवं होतं." आता थांबायचं नव्हतं, थांबली असती तर रडली असती, आणि रडायला वेळ नव्हता. "काका, अचानक काही जात नाही. आधी पडदा येतो. बाबांचाही आला आणि गेला. त्यानंतर एक दिवस मिळाला होता, तो मी दाढ्या करण्यात घालवला. तुमचा अर्धा तास गेलाय. उठताय की या पोस्टमनला तुम्हाला उचलायला सांगू?"

काका उठले. चक्रं तशीच टेबलावर राहिली, भिंगसुद्धा. कुलूप लावताना त्यांना किल्लीचं भोक सापडेना, ते पोस्टमननं लावलं आणि तोही सोबत निघाला.

हॉस्पिटलातली डॉक्टर तरुण होती. तिनं काकांच्या कानशिलाला हात लावला, तीन प्रश्न विचारले आणि नर्सला हाक मारली. रक्ताचा रिपोर्ट यायच्या आत इंजेक्शन दिलं. मग समजावलं. डोक्याकडे जाणाऱ्या वाहिन्यांना आतून सूज येते, वाट बारीक होते. चावणाऱ्या स्नायूला रक्त पुरत नाही म्हणून जबडा भरून येतो. दाढेचा काही संबंध नाही. आणि डोळ्यामागच्या नसेला रक्त देणाऱ्या वाहिन्या बुजल्या तर दिसणं जातं, ते परत येत नाही. वाहिनीचा लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवू, पण औषध आत्तापासूनच. गोळ्या खूप महिने घ्यायच्या. "तुमचे दोन्ही डोळे आज तरी शाबूत आहेत," ती म्हणाली. "कुणी ओळखलं हे?"

काकांनी ताईकडे बोट केलं. "हिनं. केस कापते आमचे."

बाबा बाहेर व्हरांड्यात बसले होते. ताई शेजारी बसली. त्यांनी स्वतःचं कानशील पुन्हा चाचपलं. मग म्हणाले, "सिस्टर काय म्हणाली होती? जसंच्या तसं सांग."

तिनं सांगितलं.

"खुर्चीत कोण होतं तेव्हा?"

"शाळेचा शिपाई. अर्धी झाली होती."

"त्याच्यानंतर?"

"अकरा जण, दिवस मावळेपर्यंत."

"हं," बाबा म्हणाले.

एवढंच. परत येताना त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला नाही. पोस्टमनचा दंड धरला आणि त्याच्या वाळलेल्या फेसाशेजारून घरापर्यंत चालले. ताई काठी हातात घेऊन मागून येत राहिली. ती काठीसुद्धा त्यांनी मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पाणी गरम केलं, ब्रश भिजवला. बाबा खुर्चीत आलेच नाहीत, बाकावर बसून राहिले. तिसऱ्या दिवशीही तेच. ज्या माणसानं तापातसुद्धा दाढी चुकवली नव्हती, "दाढी वाढलेला कारागीर म्हणजे दुकानाची बदनामी" म्हणून ज्यानं तिच्या चुलत्याला एकदा दुकानातून हाकललं होतं, तो भर दुकानात पांढरे खुंट घेऊन बसला. गिऱ्हाईकं विचारायची, "काय बाबा, नवस बोललात का?" ते नुसती मान हलवायचे. ताईला वाटायचं, यांनी शिव्या द्याव्यात, काठी फेकावी, दोन दिवस जेवू नये. पण ते नीट जेवायचे, वेळेवर झोपायचे, कात्र्यांना धार लावायचे, आणि खुंट वाढत राहायचे. तिला रात्री झोप लागेना. खांद्यावर हात नसला की खांदा इतका रिकामा लागतो, हे तिला माहीत नव्हतं.

सहाव्या दिवशी सकाळी दुकान उघडताच बाबा उठले, चाचपडत मधल्या खुर्चीपाशी गेले आणि बसले. मान मागं टाकली.

"खाजतंय," म्हणाले.

ताईनं घाईघाईनं फेस केला. आधी वस्तरा स्वतःच्या मनगटावर टेकवून बघितला. पाच दिवसांचे खुंट कडक झाले होते. तिनं डावा गाल हळूहळू साफ केला, मग जबड्याची कड, मग गळ्याची डावी बाजू. तिथं कातडीखाली मोठी नाडी उडत होती, ठासून, एका लयीत. बाकावर तिघं जण आपल्या पाळीची वाट बघत होते. त्यांत पोस्टमन होता, रविवार म्हणून लवकर आलेला.

ती उजव्या गालाकडे वळली तेवढ्यात घड्याळकाका दारात आले. गोळ्यांनी तोंड पुरीसारखं फुगलं होतं.

"बघ माझं थोबाड!" ते म्हणाले. "आणि भूक तर अशी लागते की टेबल खाऊन टाकीन. म्हणून परवापासून अर्धीच गोळी घेतोय. डॉक्टर लोक काय, लिहून मोकळे होतात. बाकी बरं आहे. फक्त आज उठल्यापासून परत डोकं ठणकतंय या बाजूनं."

ताईचा वस्तरा फेसात थांबला. तिनं काकांकडे बघितलं, मग खुर्चीत मान मागं टाकून बसलेल्या बाबांकडे. एक गाल साफ, एक गाल पांढरा. खुर्चीतल्या माणसाला दुसऱ्यांदा अर्धं सोडायचं, आणि तेही याच माणसाला?

बाबांनी हात वर करून तिचं मनगट शोधलं, धरलं आणि वस्तरा आपल्या गालावरून बाजूला सारला.

"जा," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता ने त्याला."

"बाबा, तुमची अर्धी..."

"राहू दे अर्धी. मला कुठं आरसा बघायचाय?" आणि मग आवाज खाली आणून, फक्त तिला ऐकू जाईल असं, "तो नियम चुकीचा होता. माझाच होता. जा तू."

तिनं वस्तरा मिटून त्यांच्या हातात दिला. काकांचा दंड धरला. काका "अगं पण, अगं पण" करत होते, त्यांना तिनं ओढतच पायरीवरून खाली उतरवलं. मागून बाबांचा आवाज आला, पूर्वी दुकान चालवायचे तेव्हासारखा, खणखणीत.

"दुकान बंद आहे. ज्याला घाई असेल त्यानं दुसरीकडे जावं."

ताईनं वळून बघितलं. अर्ध्या तोंडाला फेस लावून बाबा खुर्चीत ताठ बसले होते, आणि बाकावरचा एकही माणूस उठला नव्हता.